कॉलेज मानवेल काय?

निकाल लागले, घाटमाथ्यावर पावसाने धार धरली आणि प्रवेशाचा हंगाम सुरू झाला. या दिवसांत गोमंतकातील पुष्कळ कुटुंबे चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटाने बेळगावची वाट धरतात. वैद्यक किंवा अभियांत्रिकी शिकावयास जाणाऱ्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा असतो. परीक्षेतील क्रमांक आणि शुल्काचा आकडा ही दोन टोके जुळली की निर्णय होऊन जातो. परवा आमच्या कचेरीत आलेल्या पेडणे तालुक्यातील एका गृहस्थांची अडचण मात्र निराळी होती. त्यांच्या कन्येला कला शाखेत जावयाचे आहे. मराठी आणि इतिहास हे तिच्या आवडीचे विषय. गुण चांगले असूनही तिने हा मार्ग का धरला याबद्दल आप्तेष्टांनी त्यांना पुरेसे ऐकवलेले होतेच. गृहस्थांची बहीण निपाणीस दिलेली आहे. मुलीने आत्याकडे राहून तेथेच शिकावे, की बेळगावास वसतिगृहात राहावे, की एकदम पुणे गाठावे, असा त्यांच्यापुढे पेच होता. शुल्क, प्रवास आणि खाणावळ यांचे हिशेब ते वहीत मांडूनच आले होते. तथापि ज्यासाठी ते आमच्याकडे आले तो प्रश्न त्या वहीत कोठेच नव्हता. निघता निघता त्यांनी तो विचारला. "साहेब, पोर तिथे रुळेल काय?"

हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटला, आणि त्याचे उत्तर शोधण्याची आपली साधने किती तोकडी आहेत याचीही त्या निमित्ताने जाणीव झाली. मुलीचे स्थळ पाहताना घरची माणसे कशी आहेत याची चौकशी आपण तीन गावांत करतो. जेथे तिच्या वयाची अठरा ते एकवीस ही वर्षे जावयाची, त्या कॉलेजची चौकशी मात्र 'रिझल्ट किती टक्के?' या एका वाक्यात आटोपते. कला शाखेच्या बाबतीत तर तेवढीही होत नाही. ती उरलेल्यांची शाखा, तेव्हा जवळचे कोणतेही कॉलेज चालेल, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास यंत्रशाळा तरी असते, आणि अध्यापक यथातथा असला तरी यंत्र काहीतरी शिकवतेच. इतिहासाच्या किंवा वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास जे मिळावयाचे ते माणसांच्या बोलण्यातून, वादातून, ग्रंथालयातल्या तासांतून आणि व्हरांड्यातल्या गप्पांतून मिळते. तेथे आवारातील वातावरण हाच निम्मा अभ्यासक्रम असतो, आणि तो छापील माहितीपत्रकात सापडत नाही.

माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हल्ली एक अक्षर ठळकपणे झळकते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी 'नॅक' ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळूरला. अभ्यासक्रमापासून व्यवस्थापनापर्यंत सात निकषांवर ती कॉलेजना जोखत आली, आणि त्या सातांतला शेवटचा निकष संस्थेच्या मूल्यांविषयीचा आहे. मूल्यांनाही गुण देता येतात ही कल्पना आम्हांस जरा गमतीचीच वाटते. समिती यावयाची म्हणजे महिनाभर आधी भिंती रंगतात, फाइली नव्याने लागतात, वर्षभर कुलपात असलेली वाचनालयातील टेबले पुसून निघतात, आणि दारात रांगोळी पडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको. त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत अशाच एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. सगळीच प्रशस्तिपत्रे खोटी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. इमारत किती, ग्रंथ किती, प्राध्यापकांच्या पदव्या कोणत्या, हे त्यांतून कळते. परंतु पेडण्याहून गेलेली मुलगी पहिल्या सहामाहीत कोणाशेजारी बसून डबा खाईल, हे त्या अक्षरावरून कळावयाचे नाही.

निपाणीचे नाव निघाले आहे, तर त्या गावाची स्थिती आधी समजून घेतली पाहिजे. बेळगावच्या उत्तरेस सुमारे पंचाहत्तर किलोमीटरांवर, पुणे-बंगळूर महामार्गावर हे तंबाखूच्या वखारींचे शहर वसले आहे. शहर कर्नाटकात आहे, परंतु त्याला खेटून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात. तेथे जनता शिक्षण मंडळाचे देवचंद महाविद्यालय आहे. त्याचा पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, आणि त्याचे विद्यापीठ कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. निपाणीतल्या घरातून सकाळी निघालेला विद्यार्थी पहिल्या तासाला परराज्यात पोहोचतो आणि दुपारी जेवावयास स्वराज्यात परततो. यातले 'पर' कोणते आणि 'स्व' कोणते हे ज्याचे त्याने ठरवावे. कर्नाटक मंडळाची दहावी झालेला मुलगा येथे येऊन महाराष्ट्र मंडळाच्या अकरावीत बसतो. सीमाप्रश्नाचा निवाडा करण्यास नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि तो अद्याप निकालाविना आहे. अर्जुननगरच्या वाटेवर चालणाऱ्या मुलांनी मात्र आपल्यापुरती सीमा केव्हाच पायांखाली घातली आहे.

या वाटेने जाणाऱ्या पालकांनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवी वर्गांत प्रथम आणणाऱ्या राज्यांत कर्नाटक होते. २०२१-२२ साली त्याने चार वर्षांची रचना स्वीकारली, आणि सरकार बदलल्यावर २०२४-२५ पासून ती गुंडाळून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्याच २०२४-२५ साली महाराष्ट्राने आपल्या संलग्न महाविद्यालयांत ते धोरण लागू केले. तेथे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथे वर्ष ऑनर्ससाठी. म्हणजे एका राज्याने ज्या वाटेवरून माघार घेतली त्याच वाटेवर त्याच वर्षी शेजाऱ्याने पाऊल टाकले, आणि दोहोंच्या मधोमध निपाणी. एकाच घरातील थोरला राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आणि धाकटी शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात असेल, तर दोघांच्या विषयांची नावे, श्रेयांक आणि वर्षे यांचा मेळ घालता घालता वडिलांना घेरी यावी. धोरणांचे हे उलटसुलट फेरे विद्वानांच्या परिसंवादांत शोभून दिसतात. पुढे पदव्युत्तर प्रवेशाला सीमा ओलांडावयाची झाली की त्यांची खरी किंमत कळते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. कर्नाटक सरकारने २०२१ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना कन्नड विषय सक्तीचा केला, आणि उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ती सक्ती रोखली गेली. बेळगावच्या मराठी घरांना हा विषय नवा नाही. १९८० नंतरच्या दशकात गोकाक अहवाल आला, त्यावरून आंदोलने झाली, आणि १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात उठलेल्या बेळगाव परिसरात गोळीबार होऊन माणसे मेली. ज्या घरात अशी आठवण आहे त्या घराने आपल्या मुलीसाठी 'आपले' कॉलेज शोधावे यात गैर काहीच नाही. परंतु 'आपले' या शब्दाचा अर्थ काय करावयाचा, येथेच आमचे आणि पुष्कळांचे मतभेद होतात.

त्या गोकाक अहवालाचे कर्ते विनायक कृष्ण गोकाक यांच्याच चरित्राकडे पाहा. कन्नडचा हा थोर कवी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होता. पुढे सांगलीचे विलिंग्डन आणि कोल्हापूरचे राजाराम या दोन्ही मराठी मुलखांतल्या महाविद्यालयांचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. विलिंग्डनमध्येच रं. श्री. मुगळी कन्नडचे प्राध्यापक होते. उलट घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, आणि तेही सोलापूरच्या महाविद्यालयात बारा वर्षे शिकवून. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक तरुणपणी धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी या कन्नड खेड्यात जाऊन काम करीत राहिले. नंतर त्यांनी निपाणीहून फार दूर नसलेल्या गारगोटीस मौनी विद्यापीठ उभे केले, आणि पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिला. या मंडळींना कोणी 'तुम्ही येथे मानवाल काय?' असे विचारले असेल असे दिसत नाही. त्या काळची कॉलेजे आदर्श होती, असा दावा आम्ही करणार नाही. जातिभेदाचा उग्र दर्प त्यांच्या वसतिगृहांतून येत होता. परंतु दोन भाषांच्या सरमिसळीने वर्ग बाटतो, ही कल्पना तेव्हा रुजली नव्हती.

बेळगावातही तेच होते. कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्थेचे लिंगराज महाविद्यालय १९३३ सालचे. साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीचे राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ सालचे. त्याच्या संस्थेच्या नावात कोकण आहे आणि त्याच्या स्वतःच्या नावात सावंतवाडीच्या राणीसाहेब आहेत. पु. ल. देशपांडे काही काळ येथे मराठी शिकवीत, हे सर्वश्रुत आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख मुंबई राज्यात होता, आणि दोन्ही संस्थांची मुले एकाच बाजारात पुस्तके घेत. गोमंतकाशी या शहराचे नाते तर त्याहून निकटचे. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे त्यांना आठवत असेल, की पोर्तुगीज अमदानीत कला शाखेची पदवी घ्यावयाची तर हद्द ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ साली. त्याआधीची एक पिढी बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई येथे जाऊन शिकली. घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत पोर्तुगीज आणि कॉलेजात इंग्रजी अशा चार भाषांत ती वावरली, आणि त्या चौघींचे ओझे तिला झाल्याचे ऐकिवात नाही.

'मानवणे' हा शब्द पाश्चात्त्य जगातही या बाबतीत मोठा प्रतिष्ठित आहे. अमेरिकेत अॅम्हर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, ओबर्लिन अशी लहान निवासी महाविद्यालये आहेत. तेथे वाङ्मय, तत्त्वज्ञान, गणित, संगीत हे सारे विषय एकाच छपराखाली शिकतात, आणि विद्यार्थी बहुधा आवारातच राहतात. तेथे प्रवेश घेण्यापूर्वी मुले जाऊन राहून येतात, वर्गात बसून पाहतात, जेवणघरात जेवून पाहतात. ही चाल अनुकरणीय आहे. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. पहिल्या महायुद्धानंतर हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत परीक्षेच्या जोरावर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा त्यांना उघडपणे अडविणे अवघड गेले. मग 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', 'आमच्या वातावरणाशी मेळ' अशा कसोट्या प्रवेश-अर्जात आल्या, आणि त्या चाळणीतून नको असलेली मुले अलगद खाली पडू लागली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार उघड बोलून दाखविला होता, आणि त्यावरून गदारोळ झाल्यावरच हा आडमार्ग रुंद झाला. दुसरीकडे ओबर्लिनने १८३५ सालीच कृष्णवर्णीयांना, आणि दोनच वर्षांनी स्त्रियांना, आपले दार उघडले होते. दोन्ही संस्थांना आपल्या वातावरणाचा अभिमान होता. एकीने तो कुंपणासाठी वापरला, दुसरीने नाही.

आपल्याकडे हे कुंपण जातीचे होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे काढविली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, आणि अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. खेड्यातल्या पोराला शहरात डोके टेकण्यास जागा मिळाली तीच क्रांती होती. भाऊराव पाटील तेथल्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी बोर्डिंग सोडावे लागले, ही कथा त्यांच्या चरित्रात सांगतात. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले, आणि तेथे एका पंगतीत भाकरी वाढली. आपल्या माणसांत राहिल्याने मूल रुळते हे खरे. परंतु नुसते आपल्याच माणसांत राहिलेले मूल बाहेर कोठेच रुळत नाही, हेही आपण आपल्या आळीत पाहतो.

म्हणूनच आम्ही त्या गृहस्थांना म्हणालो, की मुलगी कॉलेजला मानवेल काय हा प्रश्न उलटा करून पाहा. त्या कॉलेजला निराळे मूल मानवते काय? मराठी वातावरणाच्या कॉलेजात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाचे काय होते, कन्नड वातावरणाच्या कॉलेजात खानापूरकडच्या मराठी मुलीचे काय होते, आणि दोन्ही ठिकाणी वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आईच्या लेकीचे काय होते, एवढे पाहिले म्हणजे पेडण्याच्या मुलीचे काय होईल ते आपोआप कळते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस बेळगावातल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात कन्नड ध्वज घेऊन नाचणाऱ्या एका विद्यार्थ्यास सहाध्यायांनी मारहाण केली, आणि त्यावरून शहर तापले. पुढच्याच महिन्यात हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले आणि दोन्ही राज्यांतील बसगाड्या थांबल्या. दगड मारणाऱ्यांचा निषेध आमच्या वाचकांना सोपा वाटेल. आवारातल्या त्या मारहाणीचा निषेध करताना आपली जीभ अडखळत असेल, तर सीमाभागातल्या मराठीवर झालेल्या अन्यायाविषयी बोलण्याचे आपले बळ तेवढ्याने उणे होते. मराठीचा हक्क मागणारे आम्हीच आहोत आणि मागत राहणार आहोत. त्यासाठी वर्गातल्या एका मुलाला चोप देण्याची गरज कधीच नव्हती. गोमंतकाने तरी या बाबतीत शहाजोगपणा करू नये. १९८५-८६ च्या राजभाषा आंदोलनात कोकणी आणि मराठी यांवरून आपल्याच कॉलेजांत जिवलग मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

आता पाहावयाचे कसे? एक तर कॉलेज पाहावयास समारंभाच्या दिवशी जाऊ नये. साध्या, पावसाळी, कंटाळवाण्या दिवशी जावे. अशा दिवशी कोणते तास होतात आणि कोणते होत नाहीत ते दिसते. ग्रंथालयात गेल्यावर ग्रंथसंख्या विचारू नये. ती सर्वांना पाठ असते. एखादे पुस्तक मागून त्याच्या मागील पानावरच्या तारखा पाहाव्यात. जेथे संगणकावर नोंद होते तेथे ग्रंथपालांना विचारावे. निपाणीत पिठाची गिरणी चालविता चालविता महादेव मोरे यांनी वखारीतल्या बायकांच्या आणि गाड्यांवरच्या ड्रायव्हर-क्लीनरांच्या कथा लिहिल्या. त्या परिसरातल्या कॉलेजात त्यांची पुस्तके वर्षातून किती वेळा बाहेर जातात, एवढ्या एका नोंदीवरून तेथल्या मराठी विभागाची प्रकृती कळावी. नियतकालिकाचे मागील तीन अंक मागून घ्यावेत. त्यांत किती भाषांचे विभाग आहेत, कन्नड विभाग मनापासून केला आहे की कर्तव्य म्हणून चार पाने भरली आहेत, लेख प्राध्यापकांनी सुधारून गुळगुळीत केलेले आहेत की त्यांत एखादी विद्यार्थिनी स्वतःच्या बोलीत रागावलेली दिसते, हे पाहावे. चिकोडीकडची आणि चंदगडची मराठी एक नाही, आणि पेडण्याची तर तिसरीच. बोली ऐकून जेथे वर्ग हसतो आणि अध्यापकही हसतात, तेथून परत फिरावे.

स्नेहसंमेलनातल्या शेलापागोट्यांकडे, म्हणजे आजच्या भाषेत 'फिशपाँड'कडे, आमचे विशेष लक्ष असते. वर्षभर दबलेले सारे त्या चिठ्ठ्यांतून वर येते. प्राचार्यांवर, मातब्बर संचालकांच्या चिरंजीवांवर, गावच्या पुढाऱ्यांच्या पुतण्यांवर चिठ्ठी पडत असेल तर ते आवार निर्भय समजावे. तेथे फक्त सावळ्या मुलीवर, बुजऱ्या मुलावर, निराळे उच्चार करणाऱ्यावर आणि शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यावर चिठ्ठ्या पडत असतील, तर मूल्यांकनाचे अक्षर कोणतेही असो, त्या संस्थेत काहीतरी नासले आहे. जुन्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट विचारावी. ते खरे सांगतात, कारण त्यांना त्या चिठ्ठ्या अजून पाठ असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात स्वयंपाक कोण करते आणि भाषण कोण करते, हाही असाच एक प्रश्न. आणि मुलीच्या बापाने एक गोष्ट न चुकता विचारावी. शेवटचा तास किती वाजता सुटतो आणि त्यानंतरची बस किती वाजता आहे? या दोहोंमधला वेळ मुलींना कोठे काढावा लागतो, यावरून संस्थेने मुलींचा विचार केला आहे की नुसती त्यांची संख्या मोजली आहे ते समजते.

हे सारे पाहून झाले तरी एक मोठी अडचण उरते, आणि ती पालकांच्या हातातली नाही. वातावरण ज्यांच्यामुळे तयार होते ते अध्यापकच टिकेनासे झाले आहेत. निवृत्त होणाऱ्याची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. महाराष्ट्रात तिच्यावर तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक येतो, कर्नाटकात अतिथी व्याख्याता. नावे दोन, दैन्य एकच. जो माणूस आपला तास संपताच दुसऱ्या गावचा तास गाठण्यासाठी बसथांब्याकडे धावतो, त्याच्याशी विद्यार्थ्याने व्हरांड्यात गप्पा मारावयाच्या केव्हा? वाङ्मय मंडळ चालवावयाचे कोणी? लहान कॉलेजचे खरे भांडवल म्हणजे अध्यापकाला प्रत्येक विद्यार्थी नावाने ठाऊक असणे. ते भांडवल या तासवारीने संपत चालले आहे. विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून ऐच्छिक विषय बंद पडतो, आणि विषय बंद पडला म्हणून विद्यार्थी येत नाहीत. सीमाभागात हा फेरा मराठीच्या वाट्याला आला तर नुसता एक विषय जाणार नाही. उद्या तेथल्या शाळांना मराठीचा शिक्षक मिळणार नाही.

महाराष्ट्र सरकार आपण दावा सांगितलेल्या ८६५ गावांची आठवण वेळोवेळी ठेवते, हे मान्य केले पाहिजे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि २०२३ साली आरोग्य विम्याचा लाभही त्या गावांना देऊ केला. परंतु या तरतुदीचा परिणाम असा, की हुशार मूल बेळगाव-निपाणी सोडून पुण्या-मुंबईस जाते, आणि ज्या गावासाठी सारा लढा चालला आहे त्या गावात इतिहास आणि मराठी शिकविणारा माणूस उरत नाही. अर्जुननगरसारख्या ठिकाणची कॉलेजे महाराष्ट्राच्याच हद्दीत आणि महाराष्ट्राच्याच विद्यापीठाकडे आहेत. सीमेलगतच्या अशा महाविद्यालयांतील भाषा आणि समाजशास्त्रांच्या कायम जागा राज्याने इतरांआधी भराव्यात. त्यास सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. कर्नाटकाकडेही आमचे मागणे आहे. बेळगावच्या कॉलेजांत मराठी घेणारी मुले त्याच राज्याची नागरिक आणि त्याच राज्यात कर भरणाऱ्यांची लेकरे आहेत. त्यांच्या विषयाला कायम अध्यापक देण्यात कन्नडचे काडीचेही नुकसान नाही. आणि जे मराठी मूल सक्तीविना, मित्रांमुळे, चांगली कन्नड शिकते ते कन्नडचेच बळ वाढविते, हे बेंद्र्यांच्या भूमीला तरी निराळे सांगावयास नको.

राहिला त्या गृहस्थांचा पेच. आम्ही त्यांना आमचे मत दिले. आधी निपाणी पाहावी, मग बेळगाव, आणि पुणे सर्वांत शेवटी. पुण्याला जाऊन मुलगी हजारांतली एक होईल. निपाणीस ती तीस-चाळीसांतली एक असेल, आणि दोन राज्ये व दोन भाषा रोज कानांवर पडतील. इतिहास शिकणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कोठे मिळावयाची? आत्याच्या घराविषयी मात्र आम्ही त्यांना सावध केले. घरचे जेवण आणि घरचा धाक ही सोय खरी, परंतु संध्याकाळी सातच्या आत परतावयाचे बंधन असलेली मुलगी वाङ्मय मंडळात फार काळ टिकत नाही. तेव्हा आत्याबाईंशी ते आधीच बोलून घ्यावे. कॉलेजात गेल्यावर स्वतः कार्यालयात बसावे, मुलीला एकटीलाच ग्रंथालयात सोडावे, आणि तासाभराने तिची कोणाशी ओळख झाली ते तिलाच विचारावे.

त्यांनी सारे नीट ऐकून घेतले. वही उघडून खोलीभाड्याच्या हिशेबाखाली 'फिशपाँड' असे लिहिले, त्याखाली 'शेवटची बस', आणि पुढच्या बुधवारी आंबोलीमार्गे निपाणीस जाण्याचे ठरवून ते निघाले. मुलगी सोबत आली नव्हती. ती बाहेर मोटारीत बसून पुस्तक वाचीत होती, असे आमच्या शिपायाने नंतर सांगितले.